बीबीएला आयटीचा पेपर आहे, पण नेमकं शिकायचं काय?

कंदीपेढा

नमस्कार मंडळी. मी कराडला बीबीएच्या पहिल्या वर्षाला आहे. बारावी कॉमर्स, तेही मराठी माध्यमातून. यंदा माहिती तंत्रज्ञानाच्या मूलतत्त्वांचा एक पेपर आहे. नोट्समध्ये पहिल्या पिढीचा संगणक व्हॅक्यूम ट्यूबचा, दुसऱ्या पिढीचा ट्रान्झिस्टरचा, रॅम आणि रॉममधला फरक, इनपुट-आउटपुट साधनांची भलीमोठी यादी, आणि मग एमआयएस, डीएसएस, ईआरपी अशा धंद्यातल्या माहिती-प्रणालींच्या व्याख्या. पाठ करतेय, मार्कही पडतील.

पण दिवाळीच्या सुट्टीत ओळखीतल्या एका ऑफिसात काम बघायला जात होते. तिथल्या अकाउंटंट काकांनी दोन याद्या पुढ्यात ठेवल्या आणि म्हणाले, "या जुळवून दे." मला रॅमची व्याख्या येत होती, याद्या जुळवता येईनात. एमएस-सीआयटी दहावीच्या सुट्टीतच झालंय, त्यातलं बोल्ड-इटॅलिक आठवतंय.

आता एक क्लासवाले मागे लागलेत की पायथन आणि डेटा सायन्स कर, हप्त्याने फी भर. घरचे म्हणतात टॅली कर. मॅनेजमेंटच्या मुलीने आयटी म्हणजे नेमकं काय आणि किती शिकावं? रोज ऑफिसात बसणाऱ्या कुणी सांगितलं तर बरं होईल.

उनाड_पाखरू

सरळ पायथन कर. बाकी सगळं एआय करणार आहे. एक्सेल शिकून कारकून व्हायचंय का?

बॅच_नंबर

पाखरू, तुझ्या एआयला विचार, आमच्या गोडाऊनमध्ये पुढच्या तीन महिन्यांत एक्स्पायर होणाऱ्या स्ट्रिप किती आहेत. ते म्हणेल, डेटा दे. तो डेटा कोण भरतं, कुठं भरतं आणि धड भरतं का, इथंच घोडं अडतं.

कंदीपेढा, तुला अरेतुरे करतोय, राग मानू नकोस. माझी पुतणी तुझ्याच वयाची आहे. मी सांगलीत एका औषध स्टॉकिस्टकडं एमआयएस, म्हणजे मालकाला लागणारे रिपोर्ट, बघतो. शिक्षण बीकॉम. म्हणजे मी काही इंजिनिअर नाही, हे आधीच सांगतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, की नोट्स घटकाभर बाजूला ठेव आणि एक बिल हातात घे. ते ऑफिसात शिरल्यापासून सरकारच्या पोर्टलवर पोचेपर्यंत कुठं कुठं फिरतं ते बघ. तुझा निम्मा सिलॅबस त्या वाटेवर भेटतो.

समज, कंपनीकडून माल आला. परचेस एन्ट्री करणारा पोरगा गोळीचं नाव टाईप करत बसत नाही, आयटम मास्टरमधून, म्हणजे सगळ्या मालाच्या ठरलेल्या यादीतून, निवडतो. का? एकानं "५०० एमजी" लिहिलं, दुसऱ्यानं आकडा आणि एमजीमधली जागा खाल्ली, तिसऱ्यानं "टॅब." आधी लावलं, तर माणसाला कळतं की गोळी एकच. संगणकाच्या लेखी त्या तीन गोळ्या झाल्या आणि तिन्हींचा स्टॉक वेगळा. म्हणून कोड. आता त्याच गोळीच्या दोन बॅच येतात. एकीची एक्स्पायरी मार्चची, दुसरीची डिसेंबरची, एमआरपीसुद्धा वेगळी. मग नुसता आयटम कोड पुरत नाही, आयटम आणि बॅच मिळून एक ओळ ओळखायची. तुझ्या पुस्तकात "प्रायमरी की" म्हणून दोन ओळींची व्याख्या असेल ना, ती हीच. ही चुकली की बिलावर डिसेंबरची बॅच छापली जाते आणि खोक्यात मार्चची जाते. मग मेडिकलवाल्याचा फोन येतो आणि तो व्याख्या विचारत नाही.

पुढं विक्री. सांगलीपासून कर्नाटक हाकेच्या अंतरावर. आमची गिऱ्हाईकं मिरज-तासगावला आहेत तशी अथणी-चिक्कोडीलाही. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गोवा ३०. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या धंद्याचा पॅन. २७ दिसलं की विक्री राज्यातली, म्हणून साधारणपणे केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी, २९ दिसलं की परराज्यातली, म्हणून आयजीएसटी. एक्सेलमध्ये लेफ्ट फंक्शननं पहिले दोन आकडे काढले की हजार गिऱ्हाईकांची वाटणी क्षणात होते. गंमत म्हणून सहावं अक्षर बघ: पी असेल तर मालक एकटा, एफ असेल तर भागीदारी, सी असेल तर कंपनी. उधारी द्यायच्या आधी आमचे शेठ ते अक्षर हमखास बघतात. कोडच्या पोटात माहिती कशी भरलेली असते, हे शिकायला याच्याइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही, आणि ते प्रत्येक दुकानाच्या पाटीवर फुकट लिहिलेलं असतं.

आता जरा थांबून बघण्यासारखी गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ ला बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. आमच्या लायनीत एकाकडं (नाव नको) काय केलं, तर आयटम मास्टर उघडला, १२ खोडलं आणि ५ लिहिलं. झालं काम. पुढच्या आठवड्यात ऑगस्टच्या बिलावरचा माल परत आला. त्या बिलापोटी क्रेडिट नोट, म्हणजे रक्कम वळती केल्याची चिठ्ठी, काढायची तर दर त्या बिलावरचाच हवा, म्हणजे १२. पण मास्टरमध्ये १२ उरलेच नव्हते! मग हातानं दुरुस्त्या, एकेक बिल उकरून. ज्यांच्याकडं दराशेजारी "या तारखेपासून लागू" असा रकाना होता, त्यांनी नवी ओळ घातली आणि जुनी तशीच ठेवली. त्यांना काही त्रास झाला नाही. जुनी माहिती पुसायची नाही, तिला तारीख लावून ठेवायची, ही अक्कल कुठल्याही सॉफ्टवेअरला लागू पडते. टॅली असो, मार्ग असो, सॅप असो.

ई-इनव्हॉइस. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना धंद्या-धंद्यातल्या विक्रीसाठी लागतं. आमचं सॉफ्टवेअर बिलाची माहिती ठरलेल्या साच्यात पोर्टलला पाठवतं, पोर्टल ती तपासून ६४ अक्षरांचा आयआरएन (त्या बिलाचा ओळख नंबर) आणि क्यूआर कोड परत देतं, तो बिलावर छापायचा. या देवाणघेवाणीला एपीआय म्हणतात. एकदा समोर बसून बघ. जीएसटी नंबरात एक अक्षर चुकवलं की पोर्टल कसं फटकन नाकारतं ते दिसेल. नंबराचं शेवटचं अक्षर आधीच्या चौदांवरून हिशेब करून काढलेलं असतं, त्यामुळं चूक पकडली जाते.

आणि लॉगिन. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून असं सॉफ्टवेअर वापरावं लागतं की ज्यात कुणी कधी काय बदललं याची नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. कायदा चांगला आहे. पण ऑफिसात पाच जणांचं लॉगिन एकच, पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला. मग नोंद म्हणते, सगळं "अॅडमिन"नं केलं. अॅडमिन कोण? सगळेच! बिल बनवणाऱ्याला बिल रद्द करता यावं का, गोडाऊनवाल्याला खरेदीचा भाव दिसावा का, हे प्रश्न मॅनेजरचे आहेत. इंजिनिअर नुसती चौकट टिक करून देतो. सायबर सुरक्षेचा धडा मी तरी तुम्हा पोरांना इथूनच शिकवला असता, हॅकरच्या गोष्टींपासून नव्हे.

बॅकअपचं सांगत नाही फार. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पाणी शिरलं तेव्हा एका घाऊक व्यापाऱ्याचा सर्व्हर तळमजल्यावर होता आणि बॅकअपचा पेनड्राइव्ह त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. दोन्ही एकाच वेळी पाण्याखाली.

टॅली करायला हरकत नाही, पण आधी खतावणी कळू दे. पायथन वाईट नाही, फक्त तुझा नंबर तिथं अजून लागलेला नाही. एक्सेलमध्ये सॉर्ट, फिल्टर, पिव्होट, लूकअप हात बसेपर्यंत कर. मग थोडं एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा: सिलेक्ट, व्हेअर, ग्रुप बाय आणि जॉइन. एसक्यूलाइट फुकट मिळतं, सगळा डेटाबेस एका फाइलीत मावतो. त्यानंतरही हौस असली तर पायथन. तोवर क्लासवाल्यांचे फोन उचलू नकोस.

खडू_फळा

बॅच_नंबर यांचा प्रतिसाद मी माझ्या वर्गात वाचून दाखवणार आहे, परवानगी गृहीत धरते. नाशिककडच्या एका कॉलेजात हा विषय शिकवते, म्हणून दोन शब्द पाठ्यपुस्तकाच्या बाजूनेही.

संगणकाच्या पिढ्या परीक्षेपुरत्या करा, त्याबद्दल मलाही फार बोलवत नाही. पण रॅम टाकाऊ नाही गं. लाइट गेली की सेव्ह न केलेली फाइल का जाते आणि सेव्ह केलेली का राहते? चालू काम रॅममध्ये असतं, सेव्ह केलेलं डिस्कवर. चाळीस टॅब उघडे ठेवून मोठी एक्सेल उघडली की मशीन का गुदमरतं? पुन्हा तेच. उद्या ऑफिससाठी दहा कॉम्प्युटर घ्यायची वेळ आली आणि विक्रेता प्रोसेसरचं गुणगान गाऊ लागला, तर "रॅम किती, एसएसडी आहे का" एवढं विचारता आलं पाहिजे.

एमआयएस-डीएसएसच्या व्याख्याही त्याच बिलावर बसवता येतात. काउंटरवर बिल फाडलं जातं, ती व्यवहारप्रणाली. महिनाअखेरीस तालुकावार, कंपनीवार विक्रीचा तक्ता निघतो, तो एमआयएस. आणि मेडिकलवाल्यांना ३० ऐवजी ४५ दिवसांची उधारी दिली तर आपले किती पैसे अडकतील, हे आकडे बदलून बदलून बघणं म्हणजे डीएसएस. दहा मार्कांच्या उत्तरात व्याख्येखाली असं एक उदाहरण उतरवलंत तर तपासणारी खूश होते. गठ्ठ्यात तेच ते वाचून आमचेही डोळे शिणलेले असतात.

आणि पाखराने एक्सेलला कारकुनी म्हटलंय म्हणून सांगते. स्प्रेडशीट ही कल्पना डॅन ब्रिकलिन या हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या विद्यार्थ्याला १९७८ मध्ये सुचली. एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुन्हा मांडायला लागू नयेत, अशी त्याची इच्छा. बॉब फ्रँक्स्टनला सोबत घेऊन त्याने व्हिजिकॅल्क केलं, १९७९ मध्ये ते अॅपल टू वर आलं. आज जे एक्सेल आपण वापरतो त्याचा हा पूर्वज, आणि तो सुचला एमबीए करणाऱ्या पोराला.

फीबद्दल: आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर लिबरऑफिस कॅल्कचे धडे मराठीतून आहेत, मोफत. कॉलेजची लॅब दुपारी रिकामी असते. क्लास नंतर बघा.

पाऊसवेडा

मँचेस्टरहून. एक्सेल शिकाच, पण त्याची मर्यादाही शिका. २०२० च्या सप्टेंबरअखेरीस आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला इथे इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून निसटले होते. प्रयोगशाळांकडून येणारा डेटा एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये भरला जात होता. त्या प्रकारात एका शीटवर ६५,५३६ ओळीच बसतात. नव्यात १०,४८,५७६ बसतात. जागा संपली, पुढच्या नोंदी गळाल्या आणि त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायला उशीर झाला. कुणी आडदांड हॅकर नव्हता त्यात, फाइलचा प्रकार जुना होता इतकंच. डेटा वाढणार असेल तर तो डेटाबेसमध्ये ठेवा, एक्सेल वरून बघण्यापुरतं.

उनाड_पाखरू

बरं बाबांनो, शब्द मागे. तरी पायथनने या सगळ्या याद्या दोन मिनिटांत जुळतात.

कंदीपेढा

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. बॅच_नंबर दादा, अरेतुरेच करा.

मी त्याच ऑफिसात परत गेले. काकांनी पार्ट्यांची नावं पुसून दोन्ही याद्या दिल्या आणि घरी न्यायला परवानगीही दिली. एक त्यांचं खरेदीचं रजिस्टर, दुसरी पोर्टलवरून काढलेली जीएसटीआर-टूबी, म्हणजे पुरवठादारांनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांची महिन्याची यादी. बिल नंबरवर व्हीलूकअप (एका यादीतला नंबर दुसरीत शोधून शेजारची रक्कम आणणारं फंक्शन) लावला. आता दोन अडचणी आहेत. काही बिलं दोन्हीकडे डोळ्यांना सरळ दिसतायत, तरी उत्तर "#एन/ए" येतंय. आणि काही ठिकाणी उत्तर येतंय, पण रक्कम भलत्याच बिलाची! पाखरू म्हणतात तसं पायथनने हे सुटलं असतं का?

बॅच_नंबर

नसतं सुटलं. पायथननं हेच गोंधळ दोन मिनिटांत दिले असते, एवढाच फरक.

नावं पुसून घेतलीस हे लई बेस झालं.

आता पहिली अडचण. दोन्ही याद्यांत तो बिल नंबर सेलच्या कुठल्या कडेला चिकटलाय बघ. नुसते आकडे असलेला नंबर एका यादीत उजवीकडं आणि दुसरीत डावीकडं दिसत असेल, तर एकीकडं तो संख्या आहे आणि दुसरीकडं मजकूर. कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसतोय का तेही बघ. एक्सेलला १०१ ही संख्या आणि "१०१" हा मजकूर वेगळा वाटतो. दोन्ही रकाने मजकूर करून घे, कारण बिल नंबराची कुणी बेरीज करत नाही. त्याच कारणानं बँकेचे खातेनंबरही मजकूर म्हणूनच ठेवायचे. एक्सेल १५ आकड्यांपर्यंतच नेमकी संख्या धरतं, पुढच्या जागी गुपचूप शून्य भरतं. सोळा आकडी नंबर संख्या म्हणून टाकून बघ, शेवटचा आकडा गायब.

तरी जुळत नसेल तर अक्षरं मोजणारं लेन फंक्शन लाव. डोळ्यांना नऊ अक्षरं दिसतात आणि लेन म्हणतं दहा, म्हणजे मागं एक स्पेस दडलीय. ट्रिमनं जाते. वेबवरून कॉपी केलेल्या मजकुरात एक वेगळीच स्पेस येते, कोड १६०. तिला ट्रिम हात लावत नाही, ती सबस्टिट्यूटनं काढावी लागते. उरलेलं काम माणसांच्या सवयींचं. पुरवठादारानं पोर्टलवर "२५-२६/००४१७" टाकलंय आणि तुमच्या पोरानं बिल बघून नुसतं "४१७" टाईप केलंय. कायद्यानं बिल नंबर १६ अक्षरांपर्यंत चालतो, त्यात तिरकी रेघ आणि आडवी रेघही चालते, आणि टाईप करणाऱ्याला ती नको असते. त्यासाठी शेजारी एक मदतीचा रकाना घालून वर्षाचा भाग, रेघा आणि पुढची शून्यं काढून टाक. मूळ रकान्याला हात लावू नकोस.

दुसरी अडचण जास्त महत्त्वाची, आणि तिचं उत्तर वर येऊन गेलंय. बिल नंबर १०१ किती पुरवठादारांकडं असेल? ज्यानं ज्यानं एप्रिलमध्ये एकपासून सुरुवात केली त्या सगळ्यांकडं. व्हीलूकअपला पहिला जो १०१ सापडतो त्याची रक्कम तो देतो आणि मोकळा होतो. म्हणजे नुसता बिल नंबर ही "की"च नव्हे. आमच्याकडं आयटम आणि बॅच, तसं तुझ्याकडं पुरवठादाराचा जीएसटी नंबर आणि बिल नंबर. दोन्ही यादीत हे दोन रकाने जोडून एक नवा रकाना कर आणि त्यावर लूकअप लाव. आणि व्हीलूकअपच्या शेवटी फॉल्स लिहिलायस का? ते राहिलं तर एक्सेल यादी चढत्या क्रमानं लावलीय असं धरून "जवळपासचं" उत्तर देतं. हिशेबात जवळपासचं काही नसतं.

लूकअप दोन्ही बाजूंनी लाव. रजिस्टरमध्ये आहे पण टूबीत नाही, आणि टूबीत आहे पण रजिस्टरमध्ये नाही, असे दोन गठ्ठे निघतील. दुसऱ्या गठ्ठ्यातली बिलं बहुतेक वेळा काकांच्या टेबलावर फाइलीखाली सापडतात. पहिल्या गठ्ठ्याला कुठलंच फंक्शन नाही, फोन लावायचा: "साहेब, आमचं बिल रिटर्नमध्ये दिसंना." महिन्याला रिटर्न भरणाऱ्या पुरवठादाराला ११ तारखेपर्यंत ते टाकायचं असतं, टूबी १४ तारखेला बनते. म्हणून टूबीची वाट बघत बसू नका. टूए, म्हणजे तीच यादी पण पुरवठादार बिलं टाकतील तशी, अधूनमधून बदलत राहतं, दहाच्या आधी त्यात डोकावून घ्या आणि तेव्हाच फोन करा. काकांना हे बहुतेक माहीत असेल, पण विचार. आणि जोडलेल्या रकान्यावर काय निघालं ते इथं टाक.